फसव्या माशाची खरी किंमत

गोवंडीत राहणाऱ्या बाईला भंगाराचा भाव कुणाला विचारावा लागत नाही, तो तिला तोंडपाठ असतो. लोखंडाचा वेगळा, पत्र्याचा वेगळा, पितळेचा वेगळा आणि लाकडाला तर कुणी विचारतच नाही, ते चुलीत. देवनारचं डम्पिंग ग्राउंड १९२७ पासून आमच्या शेजाराला आहे, मानखुर्दच्या मंडाळ्यात भंगाराचा मोठा बाजार आहे. अख्ख्या मुंबईने नको म्हणून टाकलेली वस्तू शेवटी आमच्याच बाजूला येते. त्यामुळे जुनी वस्तू म्हणजे किलोवर जाणारी वस्तू, हे गणित इथे शाळेतल्या पोरालाही पाठ आहे.

म्हणूनच माझ्या भाचीने जेव्हा फोनवर सांगितलं की, "मावशी, इकडे एक जुना लाकडाचा मासा, रंग उडालेला, शेपूट वाकडी, हजारो डॉलरला विकला जातो," तेव्हा माझा विश्वासच बसेना. भाची लग्नानंतर अमेरिकेत मिनेसोटाला गेली. तिथे हिवाळ्यात तळी इतकी गोठतात की लोक बर्फावरून गाडी नेतात. आणि त्या बर्फाला भोक पाडून, भाल्याने मासे मारतात. मी म्हटलं, भाल्याने? आपल्या पुस्तकातल्या मावळ्यासारखं? ती हसली आणि मग तिने जे सांगितलं, त्यात मी इतकी गुंतले की पुढचे कित्येक दिवस मिळेल ते वाचत राहिले. मैत्रिणींनो, तेच आज तुम्हाला सांगायचं आहे. विषय बर्फाचा असला तरी तो फिरून आपल्याच खाडीत येतो.

तर पद्धत अशी. गोठलेल्या तळ्यावर एक लहानशी लाकडी खोपी उभी करायची. तिला खिडकी नाही, दार बंद केलं की आत मिट्ट काळोख. जमिनीच्या जागी बर्फ, त्यात करवतीने कापलेलं मोठं भोक. आत काळोख असला की बाहेरचा उजेड बर्फातून झिरपून पाण्यात उतरतो आणि खालचं पाणी हिरवट काचेसारखं उजळून दिसतं. तळ नीट दिसावा म्हणून लोक भोकातून बटाट्याच्या चकत्या किंवा अंड्याची टरफलं टाकतात. पांढऱ्या चकत्यांवरून मासा सरकला की लगेच कळतो. आपण ज्या टरफलांवरून "कचरा वेगळा करा" म्हणून ओरडतो, त्यांचा हा उपयोग!

आणि मग दोरीला बांधून पाण्यात सोडतात तो लाकडाचा मासा. याला गळ नसतो, खायचं आमिष नसतं. तो नुसता दिसण्यासाठी असतो. पोट कोरून त्यात शिसं ओतलेलं, म्हणजे तो बुडतो. पत्र्याचे पंख आणि किंचित वाकवलेली शेपूट, म्हणजे दोरीला हलका झटका दिला की तो गोल गोल पोहायला लागतो. खालचा मोठा मासा त्याला खरा समजून, खायला नाहीतर हाकलायला जवळ येतो. वर माणूस तासन् तास श्वास रोखून बसलेला असतो. त्याच्या हातात अनेक दातांचा, जड लोखंडी भाला असतो. तो फेकायचा नाही, अलगद पाण्यात टेकवायचा आणि नेम धरून सोडायचा. कधी दिवस दिवस काही येत नाही. भाची म्हणाली, "मावशी, हा मासेमारीपेक्षा ध्यानाला बसण्याचा प्रकार आहे."

भुलवून शिकार करणं ही काही तिकडचीच युक्ती नाही. सीतामाईला भुलवणारा कांचनमृग दुसरं काय होता? आपल्याकडचे फासेपारधी शिकवून तयार केलेल्या गाईच्या आडोशाने पाखरांजवळ जात, पाळलेला तितर बोलायला लावून रानातले तितर फाशात आणत. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ती शिकार गुन्हा ठरली, पण त्यामागचं पक्ष्यांचं ज्ञान मोठं होतं. अमेरिकेत नेवाडा राज्यातल्या एका गुहेत १९२४ मध्ये लव्हाळ्याची बदकं सापडली, साधारण दोन हजार वर्षांपूर्वी तिथल्या मूळ रहिवाशांनी पाण्यावर तरंगत ठेवण्यासाठी विणलेली. लव्हाळं विणून त्यावर पिसं खोचलेली. टोपली विणणाऱ्या हातांचंच ते काम.

बर्फाखालचा लाकडी मासाही मूळचा तिथल्या आदिवासींचा. विस्कॉन्सिन राज्यात ओजिब्वे लोकांची एक वस्ती आहे, लॅक दु फ्लॅम्बो. फ्रेंच लोकांनी दिलेल्या या नावाचा अर्थ मशालींचं तळं. का, तर तिथले लोक रात्री होडीत मशाल पेटवून भाल्याने मासे मारत. हे वाचलं आणि मला एकदम आपलं कोकण आठवलं. पहिला पाऊस पडला की ओढ्याचे मासे अंडी घालायला उलटे चढतात, शेतात शिरतात. रायगडात वलगणीचे मासे म्हणतात, रत्नागिरीकडे चढणीचे. मग बत्ती घेऊन, कोयती-काठ्या घेऊन सगळा गाव ओहोळावर. इतक्या लांबचे लोक, भाषा वेगळी, देव वेगळे, पण काळोख, उजेड आणि मासा यांचं नातं दोघांनाही सारखंच कळलेलं.

पुढे गोऱ्या वसाहतवाल्यांनीही ही कला उचलली. १९२९ नंतरच्या मंदीत हाताला काम नव्हतं, तेव्हा कित्येकांनी बर्फावरचा मासा खाऊन घर चालवलं. मिशिगन राज्यात कॅडिलॅक गावी ऑस्कर पीटरसन नावाचा एक गृहस्थ होता. त्याने आयुष्यभर हजारो लाकडी मासे कोरले आणि ते एक डॉलरहूनही कमी दामाला विकले. १९५१ मध्ये तो वारला. आपण कलावंत आहोत असं त्याला कुणी म्हटलं असेल असं वाटत नाही. १९९० मध्ये मात्र न्यूयॉर्कच्या लोककला संग्रहालयाने अशा माशांचं प्रदर्शन भरवलं. आज पीटरसनचा मासा हजारो डॉलरला जातो. बदकांची तर गोष्टच सोडा. एल्मर क्रोवेल नावाच्या कारागिराने कोरलेली दोन पाखरं २००७ मध्ये प्रत्येकी अकरा लाख डॉलरहून अधिक किमतीला विकली गेली. आणि जिथे पैसा आला तिथे लबाडीही आली. नवाच मासा कोरायचा, घासायचा, रंग उडवायचा आणि जुना म्हणून विकायचा. माशाला फसवायला केलेली वस्तू आता माणसाला फसवते!

तुम्ही म्हणाल, ताई, हे श्रीमंतांचे छंद, आपल्याला काय त्याचं? मलाही आधी तसंच वाटलं. पण त्यातली एक गोष्ट मला थांबवून गेली. विस्कॉन्सिनमध्येच विनेबागो नावाचं मोठं तळं आहे. तिथे स्टर्जन नावाचा प्रचंड मासा मिळतो. २०१० मध्ये एक मासा ९६ किलोचा निघाला, लांबी सात फूट. त्याच्यासाठी बर्फात ४८ चौरस फुटांपर्यंतचं भोक कापायची मुभा आहे, म्हणजे आमच्या वस्तीतल्या दहा बाय दहाच्या खोलीच्या जवळजवळ निम्मं. आता एवढा मासा आणि हजारो भालेवाले, म्हणजे तो कधीच संपायला हवा होता. पण संपला नाही, कारण नियम. हंगाम फेब्रुवारीत, फार तर सोळा दिवस. वेळ सकाळी सात ते दुपारी एक. एका परवान्यावर वर्षाला एकच मासा. मारलेला प्रत्येक मासा त्याच दिवशी नोंदणी केंद्रावर न्यायचा, तिथे तो मोजतात, नर की मादी बघतात.

यातलं मर्म मादीत आहे. स्टर्जनची मादी वयात यायला वीस वर्षांहून अधिक काळ लागतो आणि त्यानंतरही ती दरवर्षी अंडी घालत नाही, मध्ये काही वर्षं जातात. म्हणून एकूण किती मासे मारले यापेक्षा किती माद्या मारल्या हे तिथे बारकाईने मोजतात. माद्यांचा ठरलेला आकडा भरला की सोळा दिवस व्हायच्या आधीच हंगाम बंद. नोंद ठेवली म्हणून मासा वाचला, आणि मासा वाचला म्हणून भाला, खोपी आणि लाकडी मासाही वाचला. आपल्याकडे अंड्यांनी भरलेले वलगणीचे मासे टोपल्या भरभरून मारतात, तेव्हा हा हिशेब कुणी मांडायचा?

आता आमच्या खाडीकडे येते. गोवंडीच्या पुढचं स्टेशन मानखुर्द, त्यापुढे रेल्वे ठाणे खाडीवरच्या पुलावर चढते. भरती असली की दोन्ही बाजूंना पाणीच पाणी, ओहोटी असली की काळा चिखल आणि हिवाळ्यात त्यात उभे गुलाबी फ्लेमिंगो. २०१५ मध्ये या खाडीचा काही भाग फ्लेमिंगो अभयारण्य झाला, २०२२ मध्ये ती रामसर यादीत गेली, म्हणजे जगाने जपावी अशी पाणथळ जागा ठरली. फोटो काढायला लांबून लांबून लोक येतात. पण त्याच चिखलात गुडघाभर रुतून निवट्या आणि चिंबोऱ्या काढणारी बाई फोटोत सहसा नसते.

बचत गटाच्या कामामुळे ट्रॉम्बे कोळीवाड्यातल्या काही जणींशी माझी चांगली ओळख आहे. त्यातल्या एक मावशी साठीच्या पुढच्या. त्यांना मी लाकडी माशाची गोष्ट सांगितली, मोबाइलवर चित्रही दाखवलं. त्यांनी ते डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाल्या, "ताय, तितं पानी आरशासारका असंल. आमचे खाडीन चिकोल. मासा डोल्यानं नाय येत, नाकानं येतं."

किती सरळ उत्तर! बर्फाखालच्या स्वच्छ पाण्यात डोळ्याला फसवायचं, गढूळ खाडीत नाकाला. म्हणून आपल्याकडे चिंबोरीसाठी लोखंडी कड्याला जाळी बांधून तिच्या मधोमध वास मारणारं मासळीचं नाहीतर कोंबडीचं तुकडं अडकवतात आणि कडं पाण्यात सोडतात. बिळातली चिंबोरी काढायची तर टोकाला वाकवलेली लोखंडी सळई. ती बिळात घालून चिंबोरी कुठे बसली आहे हे हाताला कळावं लागतं. जोर जास्त लागला तर कवच फुटतं आणि फुटकी चिंबोरी बाजारात कुणी घेत नाही. निवटीच्या बिळाला एकाहून जास्त तोंडं असतात. एकावर पाय दाबायचा, दुसऱ्यातून कोपरापर्यंत हात घालायचा. अवसेच्या चिंबोऱ्या भरलेल्या आणि पुनवेच्या पोकळ, हे गणित तर कोळणीकडून ऐकून आपण सगळ्याच बाजारात वापरतो. उधाण कधी, भांग कधी, किती वाजता चिखल उघडा पडेल आणि किती वाजता परत फिरलं नाही तर पाणी गाठेल, हे सगळं त्यांच्या डोक्यात. कॅलेंडर तिथीचं, घड्याळ पाण्याचं.

मावशींच्या सासूबाईंची एक सळई होती, मूठ वापरून वापरून गुळगुळीत झालेली. कमरेला बांधायची बांबूची टोपली होती, जाळं विणायची बांबूची सुई होती, पाग नावाच्या फेकजाळ्याच्या शिशाच्या गोळ्या होत्या. घराची दुरुस्ती निघाली तेव्हा मुलाने सगळं बाहेर काढून ठेवलं. त्याचंही चूक नाही. घर लहान, माणसं सात, तो स्वतः नोकरीला जातो, आणि खाडीत आता पूर्वीसारखी मासळी नाही हे तो लहानपणापासून पाहतो आहे. शहराचं सांडपाणी, कारखाने, भराव, पूल. बोय, जिताडा, कोळंबी सगळंच कमी झालं. "आई, आता कोण जाणार चिखलात?" असं त्याने विचारलं. मावशींना उत्तर देता आलं नाही, पण सळई त्यांनी उचलून आत नेली. शिसं मात्र किलोवर गेलं.

मला या ठिकाणी पुन्हा त्या ओजिब्वे लोकांचं आठवतं. एकोणिसाव्या शतकात त्यांनी सरकारशी करार करून जमिनी सोडल्या, पण तळ्यांवरचा मासेमारीचा हक्क राखून ठेवला. पुढे तो हक्क कुणी मानेना. मशाल घेऊन गेले की पकडायचे. अखेर १९८३ मध्ये तिथल्या वरच्या न्यायालयाने करार खरा धरला. तरी पुढची काही वर्षं ते भाले घेऊन तळ्यावर गेले की किनाऱ्यावर जमाव जमून शिवीगाळ, दगडफेक करायचा. १९९१ मध्ये हा खटला निकालात निघाला, तो एका महिला न्यायाधीशांच्या हातून. त्यांचं नाव बार्बरा क्रॅब. इंग्रजीत क्रॅब म्हणजे चिंबोरी, हे मी मावशींना सांगितलं तेव्हा त्या पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. मग गंभीर होऊन म्हणाल्या, "पन त्यांच्याकडं कागूद व्हता ना."

अगदी तोच मुद्दा आहे. २०२१ मध्ये ठाणे खाडीवरच्या तिसऱ्या पुलाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने, प्रकल्पांमुळे ज्यांची मासेमारी जाते त्यांच्या भरपाईसाठी धोरण आखायला सरकारला सांगितलं. चांगलं झालं. पण भरपाईचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो पुराव्याचा. होडीवाल्याकडे होडीचा नंबर असतो, परवाना असतो, सोसायटीचं कार्ड असतं. चिखलात हात घालणाऱ्या बाईकडे काय असतं? एक बादली, एक सळई आणि पायाला शिंपल्यांनी कापल्याचे वण. तिने चाळीस वर्षं घर चालवलं, पण तिच्या कामाला ना नंबर, ना नाव. अशा वेळी तिची सळई भंगारात गेली, तर तिच्याजवळचं शेवटचं बोलणारं साक्षीदारही गेलं.

म्हणून आम्ही गटातल्या बायकांनी एक साधी वही घातली. मोठं काही नाही. प्रत्येक घरी जी जुनी अवजारं उरली आहेत त्यांचा मोबाइलवर फोटो काढायचा, वापरणाऱ्या बाईच्या हातात धरून. वहीत तिच्या तोंडचं नाव जसंच्या तसं लिहायचं, पुस्तकी नाव नाही. ते कुणाचं होतं, कशासाठी वापरायचे, कुठल्या जागी, वर्षाच्या कुठल्या दिवसांत, आता तिथे काय आहे, आणि खाली तारीख. गटातल्या दहावीच्या मुली लिहितात, म्हाताऱ्या सांगतात. पहिल्या दिवशी "आमचं काय लिवायचं?" म्हणून उठून जाणाऱ्या आजी आता स्वतःहून निरोप पाठवतात, "पोरींनो, एक ऱ्हायलं."

हे काम वेडेपणाचं वाटत असेल, तर पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय एकदा जरूर बघून या. डॉ. दिनकर केळकरांनी आपल्या लहानपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने ते उभं केलं. गावोगाव फिरून त्यांनी काय जमवलं? अडकित्ते, दिवे, कुलपं, फण्या, स्वयंपाकघरातली भांडी. ज्याला लोक अडगळ म्हणत तेच. पत्नी कमलाबाईंची त्यात मोलाची साथ होती. १९७५ मध्ये हा हजारो वस्तूंचा ठेवा त्यांनी महाराष्ट्र शासनाला देऊन टाकला. गोव्यात बाणावलीला व्हिक्टर ह्यूगो गोम्स यांनी उभं केलेलं 'गोवा चित्र' संग्रहालयही असंच, शेतकऱ्याच्या आणि घरातल्या अवजारांचं. त्या वस्तूंसमोर उभं राहिलं की कळतं, राजाची तलवार जपायला दरबार असतो, आजीची विळी जपायला घरातलीच बाई लागते.

२००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात आमचा एम-पूर्व विभाग शहरात सगळ्यात शेवटी होता. इथे आधी पाणी, दवाखाना, शाळा हवी, हे मी रोज बघते. वहीने कुणाचं पोट भरत नाही. पण ज्यांचं काम कधी कुठे लिहिलंच गेलं नाही, त्यांच्या वाट्याचं पाणी, जागा, भरपाई सगळंच मागे राहतं, हेही मी रोजच बघते.

तुमचं गाव खाडीवर नसेल. पण तुमच्याकडे तेल्याचा घाणा असेल, बुरडाची सुरी असेल, गोधडीची दाभणं, वाकळा शिवणाऱ्या आत्याचा अंगुस्ताना, सुईणीची पिशवी असेल. दिवाळीची साफसफाई निघाली आणि दारात भंगारवाला उभा राहिला, की वजन करण्याआधी पाच मिनिटं घरातल्या म्हातारीजवळ बसा. "हे काय होतं, याला काय म्हणायचे, तू कसं वापरायचीस?" एवढं विचारा आणि लिहून ठेवा, तारखेसकट. वस्तू ठेवायला जागा नसेल तर जाऊ द्या. तिचं नाव आणि वापरणाऱ्या बाईचं नाव मात्र जाऊ देऊ नका.